फक्त जॅकचा दांडा नाही

शनिवार, १२ ऑक्टोबर
हार्लन्स फोर्ड, ओहायो

प्रिय क्ले,

'प्रिय' लिहिलं आणि बराच वेळ पुढे काही लिहिता आलं नाही. तुला पत्र लिहायला बसलं की हात अजून तोच शब्द लिहितो. तो खोडून दुसरा शोधायचा प्रयत्न केला, सापडला नाही. राहू दे.

सांगायचं ते आधी सांगते. रूडीची गाडी सुरू झाली आहे. जिच्यापाशी तू माझ्या भावाला मारलंस तीच, हिरवी शेव्हेल, बॉनेटवरच्या दोन पांढऱ्या पट्ट्यांसकट. खटला संपल्यावर पोलिसांनी ती परत दिली तेव्हा बाबांनी ती एमिलमामाच्या शेतावर ओढून नेली, कोठारात ठोकळ्यांवर चढवली आणि कुलूप लावलं. तू आत होतास तेवढी वर्षं तीही आत होती. मधल्या काळात पोलादाचा कारखाना बंद पडला, बाबा गेले, गावातली निम्मी घरं रिकामी झाली. गाडी विकत घ्यायला अधूनमधून कोणीतरी यायचं. आई म्हणायची, "मालकाला विचारा." तो माणूस विचारायचा, कुठे भेटतील? "सेंट सिरिल चर्चच्या मागे, दफनभूमीत भिंतीकडच्या रांगेत. दगडावर नाव आहे," असं म्हणून आई दार लावून घ्यायची.

आई मागच्या उन्हाळ्यात गेली. तिची खोली आवरताना तो करडा कोट हाती आला. तुझ्या सुटकेची सुनावणी लागली की ती तोच कोट घालायची, रूडीचा फोटो पर्समध्ये ठेवायची आणि पॅरोल मंडळासमोर उभी राहून 'नाही' म्हणायची. एवढंच म्हणायची, जास्त काही नाही. मी तिला गाडीने घेऊन जायचे आणि बाहेर बाकावर बसायचे. तिच्यानंतरच्या पहिल्या सुनावणीचं बोलावणं माझ्या नावावर आलं. ते आलं त्याच आठवड्यात मी एमिलमामाकडे कोठाराची किल्ली मागितली.

मामा आता फार थकला आहे. कारखान्याने त्याची फुप्फुसं खाल्ली. तो उलट्या बादलीवर बसून सांगायचा, मी करायचे. "विकणार आहेस का?" नाही. "रंग देणार?" नाही. "मग कशाला उठवतेस तिला?" चालवायला, असं मी म्हटलं. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "बरं. मग जिन्यावरून पडलेल्या म्हाताऱ्याला उठवतात तशी उठव. दंडाला धरून ओढायचं नाही."

आधी हवेच्या गाळणीचं झाकण काढलं. आत उंदरांचं घरटं होतं, सीटमधल्या कापसाचं आणि अक्रोडाच्या टरफलांचं. इंजिन गंजून पूर्ण जाम झालेलं होतं. स्पार्क प्लग काढून प्रत्येक भोकातून पातळ तेल ओतलं आणि सोडून दिलं. मधून मधून जाऊन लांब दांड्याचा पाना लावून हाताने फिरवून बघायचे. हलायचं नाही. एकदा माझा धीर सुटला. पान्याच्या दांड्यात पाइप घातला आणि सगळं अंग टाकलं. मामा बादलीवरून ओरडला, "अगं ए पोरी! आतल्या रिंगा मोडशील! तुझा राग तिच्यावर कशाला काढतेस?" मी पाना भिंतीवर फेकला. फळी फुटली. मामा म्हणाला, "फळी चालेल. फळ्या खूप आहेत." पुन्हा तेल ओतलं आणि थांबले. मार्चमध्ये एका सकाळी पाना केसभर सरकला. बंद गळ्यातून आवाज फुटावा तसा आवाज झाला.

तुला हे का सांगते आहे असं वाटेल. गाडी तुलाही माहीत आहे म्हणून. त्या उन्हाळ्यात रूडीपेक्षा तूच तिच्याखाली जास्त झोपलेला असायचास.

धूळ मी कोरडी पुसली नाही. रंगावर ओरखडे पडतात. पाणी सोडत, मऊ कापडाने, थोडं थोडं करत धुतली. पुढच्या डाव्या मडगार्डवर तुझा पहिला घाव तसाच आहे. लांबट खड्डा, मधोमध रंग उडून लोखंड गंजलेलं. बॉनेट आणि मडगार्डमधल्या फटीत कापड गेलं तेव्हा तपकिरी कपचा निघाल्या. मी आयुष्यभर हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत काम केलं, क्ले. गंज कसा दिसतो आणि रक्त वाळून कसं दिसतं, हे मला कोणी सांगावं लागत नाही. मी ते कापड धुतलं नाही. घडी करून समोरच्या कप्प्यात ठेवलं आहे.

त्या दिवसाचं तुझ्या वकिलाने कोर्टात बरंच सांगितलं. मी साक्ष दिली तेव्हा मला जेवढं विचारलं तेवढंच मी बोलले. मी गाडीत बसले होते, काच खाली होती. बोलिंगच्या क्लबमागे सगळी मंडळी बिअर पीत उभी होती. तू रूडीला न विचारता गाडी नदीकाठच्या रस्त्यावर शर्यतीला नेली होतीस आणि तो तुला सगळ्यांसमोर चिडवत होता. "अरे, माझ्या बहिणीशी लग्न करतोयस की माझ्या गाडीशी? आधी ठरव, म्हणजे पाद्रीबाबा पवित्र पाण्याऐवजी इंजिनचं तेल मागवून ठेवतील!" लोक हसले. मीही हसले. तू डिकी उघडलीस. मला वाटलं तू चिडून तुझी पिशवी काढून घरी निघालास. तू जॅकचा दांडा काढलास. पहिला घाव मडगार्डवर बसला. रूडी म्हणाला, "अरे वेड्या, रंग!" तो अजून हसत होता. दुसरा त्याच्या कानामागे बसला. तो बॉनेटवर पालथा पडला, तोंड माझ्याकडे करून, काचेच्या पलीकडे. त्यानंतरही तू थांबला नाहीस. प्रत्येक घावाला गाडी हलत होती आणि आत मी हलत होते. कवटी मऊ झाल्यावर दांड्याचा आवाज बदलतो. हे मला कोणी विचारलं नाही, म्हणून मी कोर्टात सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी बाबांनी चर्चच्या पायऱ्यांवर तुझ्या वडिलांचे दात पाडले. चार माणसांनी ओढलं तरी ते मारत होते. तुझ्या वडिलांनी हात वर केले नाहीत. का, ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

इंजिन फिरायला लागलं तेव्हा मला लगेच पेट्रोल घालायचं होतं. मामा ऐकेना. "आधी ब्रेक. आधी हिला थांबता येऊ दे." चारही चाकं जखडलेली होती. हातोड्याने ठोकत ठोकत ब्रेकचे ड्रम सोडवले. त्या आठवड्यात मी मनात काय काय ठोकलं ते लिहीत नाही. नव्या नळ्या वाकवून बसवल्या, आतलं सगळं रबर बदललं. मामाने ब्रेकवर पाय दाबून पाहिला आणि म्हणाला, "पुन्हा." मी म्हटलं, मामा, चांगले लागतायत की. "पुन्हा कर म्हटलं ना." श्वास लागलेला असताना तो खाली वाकून प्रत्येक नट स्वतः चाचपत होता. मी पुन्हा केलं. आता वाटतं, हे ब्रेक कशासाठी लागणार ते मामाला माझ्याआधी कळलं होतं.

जूनमध्ये ती सुरू झाली. आधी कार्बोरेटरमधून जाळ आला, मग सायलेन्सरमधून उरलेली टरफलं गोळ्यांसारखी उडाली, मग तो आवाज. कोठाराचे पत्रे थरथरले. मामा रडत होता आणि शिव्या देत होता.

मग ॲक्रनहून गाड्यांचा एक शौकीन आला. मामाच्या मुलाने पाठवला होता. स्वच्छ बूट घालून तो तिच्याखाली शिरला आणि लहान मुलासारखा बोलायला लागला. मूळ रंग, मूळ इंजिन, मूळ काचा! मडगार्डवर हात ठेवून म्हणाला, "बाई, हा खड्डा चुकूनही ठोकून काढू नका. गाडी आहे तशी राहू द्या." मग डिकी उघडली. "सगळं जिथल्या तिथे आहे हो. फक्त जॅकचा दांडा नाही. त्या सालचा मिळतो, मी शोधून देऊ?" मी म्हटलं, नको. मूळ दांडा कुठे आहे ते मला ठाऊक आहे. त्याला आनंद झाला. "मग मागून घ्या ना!" मामा हसता हसता इतका खोकला की त्याला पाणी द्यावं लागलं. तो दांडा कोर्टाच्या तळघरात आहे, क्ले. त्याला तुझ्या नावाची चिठ्ठी बांधलेली आहे.

तू सुटल्यावर लोरेटा मला किराणा दुकानात भेटली. तुझ्या बहिणीने इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझा हात धरला. "व्हर्ना, क्ले म्हणतो, तू सुनावणीला आली नाहीस हे तुझे फार उपकार झाले. तो रोज तुझ्यासाठी प्रार्थना करतो." तिला नाही, पण तुला सांगते. मी गेले असते आणि आईसारखं 'नाही' म्हटलं असतं तर तू आतच राहिला असतास. मी दया केली नाही. मला तू बाहेर हवा होतास. भिंतीआड मला तुझ्यापर्यंत पोहोचता येत नव्हतं.

उन्हाळाभर मी तुझ्यावर नजर ठेवली. तू लोरेटाच्या घरून सकाळी निघतोस, गिरणीच्या रस्त्याने चर्चच्या स्वयंपाकघरात कामाला जातोस. पुलानंतर वळण आहे आणि वळणानंतर दोन्ही बाजूंना मका. परवा, गुरुवारी, मी कोठाराचं दार उघडलं आणि मामाला हाक न मारता निघाले. सूर्य काचेवर होता, म्हणून आत कोण आहे हे तुला दिसलं नसेल. मी होते. वळणावर मी पाय पूर्ण दाबला. गाडीने जी उडी घेतली ती रूडीलाही आवडली असती. तू आवाज ऐकलास आणि वळलास. तो आवाज तू ओळखलास हे मला तुझ्या खांद्यांवरून कळलं. तू पळशील असं मला वाटलं होतं. इतके महिने मनात तू पळतच होतास, मक्यात शिरत होतास, ओरडत होतास. तू हातातली पिशवी कडेच्या गवतावर ठेवलीस. सावकाश, आतली अंडी फुटू नयेत अशी. टोपी काढलीस आणि रस्त्याच्या मधोमध येऊन हात खाली सोडून उभा राहिलास. तू तयार होतास. रूडी तयार नव्हता, क्ले. तो हसत होता. तू तयार असताना मला ते नको होतं. मी ब्रेक दाबला. गाडी तुझ्या गुडघ्यांपासून वीतभर अंतरावर थांबली. तुझा हात मडगार्डवर टेकला, बोटं त्या खड्ड्यात गेली आणि तुझं तोंड हललं. इंजिनच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. ऐकायचंही नव्हतं. मी गाडी मागे घेतली आणि निघून आले.

मी क्षमा केली असं समजून तू पुन्हा प्रार्थना करत बसशील, म्हणून हे पत्र. मी क्षमा केलेली नाही. गाडी मी विकणार नाही, कोठारातही ठेवणार नाही. रोज सकाळी चालवणार, कारण ती चालण्यासाठी आहे आणि रूडीला ती चार महिनेच चालवायला मिळाली. तू सोमवारपासून शाळेमागच्या रस्त्याने जा. लांब पडेल, पण जा. रस्त्यात टोपी काढून उभा राहू नकोस. एखाद्या दिवशी तू बेसावध असशील, कोणाशी तरी हसत चाललेला असशील, आणि मी मागून येत असेन. ब्रेक पक्के आहेत, ते मी दोनदा बसवले आहेत. माझ्या पायाची खात्री मला देता येत नाही.

पूर्वी पत्राखाली मी तुला 'तुझीच' लिहायचे.

रूडीचीच,
व्हर्ना