तिसरा कॅन

१२ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीलाही सांग. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, पण तिची कुरकुर त्याहून जोरात असते, म्हणजे तब्येत उत्तम.

तुझं पत्र मिळालं. चिमणीला वाळवंटात तंबू ठोकून राहायचंय आणि काकाशिवाय जायचं नाही म्हणते, हे वाचलं. तयारीचं विचारलंस म्हणून लिहितो. तंबू मी शिवतो. दुकानात दिवसभर ताडपत्र्याच शिवत असतो, दोन तंबू सहज होतील. वाळूत साध्या खुंट्या टिकत नाहीत, लांब आणि पसरट घ्या. चिमणीला जाड पांघरूण हवं. वहिनी चालवणार त्या गाडीत फावडं ठेवा, चाकाखाली घालायला दोन फळ्याही.

पाण्याचं तू बघ.

मी नाही बघणार, दादा. चार वर्षांपूर्वी आपण बाबांना घेऊन वाळवंटात गेलो तेव्हा पाणी माझ्याकडे होतं. तीन कॅन भरले होते. गाडी रुतली, दोन दिवस कोणी फिरकलं नाही. मी म्हणालो, तिसरा कॅन तुझ्या डिकीतल्या पत्र्याला लागून फाटला. तू ते स्वतःच्या माथी घेतलंस. दुसऱ्या दुपारी बाबा गेले.

कॅन फाटला नव्हता. तो गाडीत नव्हताच. माझी घडीची खुर्ची मावत नव्हती, म्हणून मी तो घरीच जिन्याखाली ठेवला. बाबा शेवटी त्याच खुर्चीत बसले होते.

हे लिहिताना काहीतरी होईल असं वाटलं होतं. काही झालं नाही. टाके घालतो, जेवतो, झोपतो, तसंच हेही लिहिलं.

काल आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "दादाने तेव्हापासून गाडीला हात लावलेला नाही. माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे."

"मग इतकी वर्षं गप्प कसा बसलास रे?"

ती ताट उचलून आत गेली. आज सकाळी चहा ओट्यावर ठेवून अंगणात निघून गेली.

तंबू शनिवारपर्यंत पोचतील. मी यायचं की नाही ते तू ठरव. चिमणीला काय सांगायचं तेही.

माफी माग असं आई म्हणाली नाही. मीच माफीचं वाक्य दोनदा लिहून खोडलं. आतून अजून काहीच येत नाही, आणि तुझ्याशी आणखी खोटं बोलायचं नाही.

तुझा भाऊ