बेंबी जागेवर आहे

नगर, मंगळवार

ती. राहीआक्कास,

धाकट्या भागवतचा नमस्कार. साष्टांग घालायचा तर पालथं पडावं लागतं आणि त्याला डॉक्टरांची सक्त मनाई आहे, म्हणून हा उताणाच गोड मानून घे. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला? गाय व्याली का? फोनवरच विचारलं असतं, पण तू अकरा दिवस फोन उचलत नाहीस, म्हणून तुमच्या गावच्या गहिनीनाथच्या दुधाच्या टेम्पोतून हे पत्र पाठवतो आहे.

अपेंडिक्स फुटून पोटात पू झाला होता, हे तुला कळलंच असेल. नेवाशापासून नगरपर्यंतचा एकेक खड्डा मी पोटाने मोजला. पोहोचल्याबरोबर डॉक्टरांनी पोट वरपासून खालपर्यंत उघडलं (बेंबीला वळसा घालून, तू चोळून जागेवर बसवलेली बेंबी त्यांनीही हलवली नाही). चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी ताप भरला, जखम लाल झाली, टाके पाझरू लागले. आतच एवढी घाण होती, की वरची जखम बिघडण्याची भीती होतीच, असं डॉक्टर म्हणाले, आणि टाके काढून त्यांनी ती उघडीच ठेवली. आता रोज सकाळी दहाला ती धुऊन आत पट्टी भरतात आणि दुसऱ्या दिवशी तीच ओढून काढतात. आठवीला पचनसंस्था शिकवणारा मास्तर मी, पण स्वतःच्या पोटाकडे बघवत नाही. वास येतो गं आक्का. भेटायला येणारे नारळ ठेवतात आणि तब्येत विचारायला खिडकीपाशी जाऊन उभे राहतात. छबूमावशीने मात्र चादर वर करून सगळं निरखून पाहिलं आणि म्हणाली, "आमच्या मामंजींचं बी आसंच हुतं." मामंजी त्यातून उठले का, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

दुखणं अंगावर का काढलं, असं तुझ्या भावजयीने, रुपालीने विचारलं तेव्हा मी म्हणालो, आक्का बेंबी सरकली म्हणाली, तिने दवाखान्यात जाऊ दिलं नाही. (तापात माणूस काहीही बोलतो.) ते भावकीत पसरलं. तुला कोण काय बोललं तेही कानावर आलं. असो. जखम आतून भरत येईल म्हणतात. मला भीती वाटते.

तुझा,
भागवत

ता. क. तापाचं कारण खोटं आहे. तेव्हा मला ताप नव्हता. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तू स्वतःच हात काढून घेतलास आणि म्हणालीस, "ही बेंबी न्हाई रं. प्वाट लाकडावानी लागतंय. नगरला जाय." कापाकापीला भिऊन मीच तुला गळ्याची शपथ घातली, की अजून एकदा चोळ. काल हे सगळं रुपालीला सांगितलं. ती उठून बाहेर गेली. बऱ्याच वेळाने आली आणि म्हणाली, "आक्कांना बोलवा." भावकीलाही मीच सांगेन, तू समोर असताना.

आणखी एक. पट्टी ओढताना रुपालीला चक्कर येते आणि मला धरायला कुणाचा तरी हात लागतो. येशील का? फक्त हात धरायचा. पोटाला लावायचा नाही.