पाणी तोडायला सांगणारे पान

मी, आबाजी बन्सी मुंगसे, वय वर्षे ७४, पूर्वी भोसरीच्या एका कारखान्यात प्रथमोपचार खोलीचा कंपाउंडर, मूळ गाव चाकणजवळचे, हल्ली राहणार दिघी, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. कोणाचा दबाव नाही, नशापाणी नाही. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात माझे वय दोन वर्षांनी वाढवले आहे, तेवढे सोडून बाकी बरोबर आहे.

कलम १. दिघीची सदनिका मुलगा सुरज ऊर्फ पिंटू यास. बँकेतली ठेव पिंटू आणि सून पुनम यांना निम्मी-निम्मी. पुनमचे नाव मुद्दाम लिहिले आहे, पिंटूराव, वाचताना गाळू नका. गावची जमीन कारखान्यांत गेली, त्यामुळे भांडायला काही शिल्लक नाही, हे एक बरेच झाले.

कलम २. पाऱ्याचे रक्तदाब यंत्र, कातरी आणि चिमटा शेजारी भीमराज वाघेरे यांना. त्यांनी ते रोज वापरावे, शोकेसमध्ये ठेवू नये. आमच्या कंपनीच्या डॉक्टरसाहेबांना काहीही नाही. आठवड्यातून दोनदा येऊन ते मला कामगारांदेखत 'अर्धा डॉक्टर' म्हणत. त्यांना मी माफ केलेले नाही. पण ते खोटेही बोलत नव्हते, हे पुढे कळेल.

कलम ३. माझ्याकडे एक इंग्रजी पुस्तक आहे. १९७४ साली दापोडीत भाड्याच्या खोलीत राहत असताना रद्दीवाल्याकडून घेतले. पहिले पान गेलेले, म्हणून लिहिणाऱ्याचे नाव माहीत नाही. प्रस्तावनेखाली १८२६ साल आहे. लिहिणारा कोणीतरी विलायती डॉक्टर. ज्याच्या दारी वैद्य येत नाही अशा माणसासाठी आपण लिहितो आहोत, असे तो म्हणतो. आमच्या गावात तरी कुठे वैद्य येत होता? मला वाटले, हा माणूस माझ्याशीच बोलतोय.

शब्दकोश घेऊन रोज अर्धे पान मराठीत उतरवत गेलो. नऊ वर्षांत तीन वह्या भरल्या. माझे इंग्रजी त्यामुळे दोनशे वर्षे जुने राहिले. एकदा मॅनेजरला मी त्याच इंग्रजीत सांगितले की फिटरच्या अंगात पित्ताचा क्षोभ झाला आहे, तर त्यांनी त्याला वेड्यांच्या डॉक्टरकडे पाठवायला काढले.

पुस्तकातला डॉक्टर रागीट, पण मनाचा चांगला. बाळंतिणीची खिडकी उघडा, देवीची लस टोचून घ्या, दारूला औषध म्हणू नका, असे बजावतो. जेवणाच्या सुट्टीत पोरे विचारायची, "कंपाउंडर, आज काय म्हणतोय तुमचा डॉक्टर?" मी वाचून दाखवायचो. चाकणकडच्या निदान दहा घरांत त्याच्यामुळे खिडक्या उघडल्या. तापात सोळा जळवा लावा असेही तो म्हणतो, ते मी वाचत नसे. बाकी सगळे मला खरे वाटे. छापले आहे म्हणजे कोणीतरी तपासले असणार, अशी माझी समजूत.

कलम ४. हे कलम लिहायला मला बेचाळीस वर्षे लागली.

१९८३ सालच्या उन्हाळ्यात यात्रेसाठी गावी गेलो होतो. थोरले बंधू लक्ष्मणराव, म्हणजे आमचा दादा, शेतावर होते. त्यांची एकुलती एक मुलगी तनुजा, वय तीन, हिला सकाळपासून जुलाब-उलट्या. सुभद्रावहिनी घाबरून म्हणाल्या, "भावजी, तुमी दवाखान्यातलं. सांगा, काय करू?" मी वही उघडली. त्यात वाक्य होते : 'पाणी तोडावे. तहान ही रोगाची मागणी आहे, रोग्याची नव्हे.' ते वाक्य मला फार आवडायचे. मी वहिनींना बजावले, थेंब द्यायचा नाही. पोर "आये, पानी" करत होती. मी ओसरीवर बसून ऐकले.

दिवस मावळायच्या आत तनुजा गेली. भाऊबंद जमले. दादा म्हणाला, "आबा, तू व्हतास ना रं घरात?" माझ्या तोंडून निघून गेले, "कुणीतरी पाणी पाजलं असणार. पुस्तकाप्रमाणं राहिलं असतं, तर वाचली असती." मला काही माहीत नव्हते, स्वतःला वाचवायला बोललो. वहिनींनी मान खाली घातली. ती सगळ्यांनी पाहिली. दादा दोन वर्षे त्यांच्या हातचे पाणी प्यायला नाही.

१९८६ साली कंपनीने आम्हाला शिबिराला पाठवले. तिथे डॉक्टरीणबाईंनी फळ्यावर लिहिले : पाणी, मीठ, साखर. म्हणाल्या, जुलाबात पाणी थांबवले की मूल जाते. मी उठून बाहेर गेलो आणि नळाखाली डोके धरले. त्याच दिवशी गावी जायला हवे होते. गेलो नाही. दादाची भीती वाटली. दादा जाऊनही नऊ वर्षे झाली. वहीतले ते पान मी फाडून टाकले आणि दर सणाला वहिनींच्या हातच्या पोळ्या खात राहिलो. लाज वाटते.

कलम ५. पुस्तक आणि वह्या नात संस्कृती हिला. ती औषधशास्त्र शिकते. पिंटूने त्यांना हात लावायचा नाही. तो 'दोनशे वर्षांपूर्वीचे रामबाण उपाय' म्हणून ते मोबाईलवर टाकायला निघाला होता. फाडलेले पान मी पुस्तकावरून पुन्हा उतरवून जागेवर चिकटवले आहे, खाली तनुजाचे नाव आणि तारीख घातली आहे. चांगली पाने वाचणाऱ्याने तेही वाचावे. डॉक्टरवर माझा राग नाही. त्याला १८२६ साली माहीत नव्हते. मला १९८६ साली कळले होते.

कलम ६. मृत्युपत्र माणूस मेल्यावर उघडतात. भित्र्या माणसाला ही सोय फार चांगली. म्हणून आज सही करण्याआधी वहिनींना बोलावून घेतले आणि कलम ४ वाचून दाखवले.

 त्या म्हणाल्या, "मी पाजलं व्हतं, भावजी. तुमी पाठ फिरवली तवा. दोन वाट्या. घटाघटा प्याली."

मी कागद खाली ठेवला.

"बेचाळीस वर्सं म्या धरून बसले, माझ्या पान्यानं गेली म्हून. तसं न्हाई का?"

"नाही वहिनी. तेवढं एकच औषध तिला मिळालं. आणखी देऊ दिलं नाही, ते मी."

त्या पदर तोंडात धरून रडल्या. माफ केले म्हणाल्या नाहीत, मीही मागितले नाही. उठताना म्हणाल्या, "हे कागदावर लिवा. आन् समद्या भाऊबंदांपुढं वाचा, तुमी जित्ते हाय तवर." येत्या रविवारी गावी जाऊन वाचणार आहे. त्यांनी सांगितलेली ओळ त्यांच्यासमोर लिहिली, ती या मृत्युपत्राचा भाग समजावी :

तनुजाला तिच्या आईने पाणी पाजले होते. ते बरोबर होते.

ठिकाण : दिघी. दिनांक : १७ नोव्हेंबर २०२५.

लिहून देणार : आबाजी बन्सी मुंगसे (सही)

साक्षीदार : १. भीमराज वाघेरे (सही) २. माऊली कड (सही)

वरील ओळ दोनदा वाचून घेतली : सुभद्राबाई लक्ष्मणराव मुंगसे (सही)