अध्यक्षांच्या पत्नीची मालमत्ता

मी, खाली सही करणारी, धंद्याने शिंपीण, जन्मापासून कर्णबधिर, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. वकीलसाहेबांनी माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला मागितला. ऐकू न येणाऱ्या बाईला समजतही नसावे, असे त्यांना वाटले असेल. दाखला सोबत जोडला आहे.

राहते घर आणि पुढचे दुकान माझ्या शिवणकामाच्या कमाईचे आहे; त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. माझे पती, म्हणजे कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष, यांना हयातभर मागच्या खोलीत राहता येईल. स्वयंपाक त्यांनी स्वतः करावा.

ते अध्यक्ष, मी महिला विभागाची प्रमुख. प्रमुखाने खुर्च्या मांडायच्या, पाहुण्यांना हार घालायचे आणि फोटोत मागच्या रांगेत उभे राहायचे. गावोगावच्या मुलींना मी संघटनेत आणले. ठराव मांडायला गेले की उत्तर ठरलेले, "बायकांचं नंतर बघू." शेवटी वार्षिक अधिवेशनात मी पतीविरुद्ध अध्यक्षपदाला उभी राहिले. मंचावर गेले, बोलण्यासाठी हात उचलले, आणि सभागृहातले दिवे गेले. आमची भाषा हातांची. अंधारात सगळ्यांचीच तोंडे बंद. दिवे आले तेव्हा माझी वेळ संपली होती. निवडणुकीत मी पडले.

घरी आल्यावर विचारले, "दिवे कोणी घालवले?"

"फ्यूज उडाला," त्यांनी खुणेने सांगितले. "आणि नवऱ्याविरुद्ध उभी राहतेस? लोक काय बोलतील?"

"बोलू देत. तुम्हाला कुठे ऐकू येणार आहे?"

गेल्या वर्षी माझी नणंद, तीही कर्णबधिर, दुकानात आली आणि रडायला लागली. "वहिनी, त्या दिवशी दिव्यांच्या बटणावर दादाचा हात होता. मी शेजारीच उभी होते. सख्ख्या भावाला कसं उघडं पाडू?"

कित्येक महिने मी तिचे तोंड पाहिले नाही. मग निरोप पाठवून बोलावले. "रडणं पुरे. यंदा तू उभी राहा."

"दादाविरुद्ध?"

"मी नवऱ्याविरुद्ध राहिले होते."

ती निघून गेली. आठवड्याने परत आली ती अर्ज कसा भरायचा हे विचारायला.

सबब दुकान, शिलाई मशीन आणि पतीच्या पश्चात संपूर्ण घर मी नणंदेला देते. अट एकच: दुकानात महिला सभासदांच्या बैठका व्हाव्यात. पुरुषांनी यायला हरकत नाही. चहा त्यांनी करावा.

पदके आणि मानपत्रे पतीची आहेत, ती त्यांनाच राहू द्यावीत. त्यांच्यावरची धूळ आजवर मी पुसली.

माझ्यामागे संघटनेने शोकसभा घेऊ नये. अध्यक्ष माझ्याविषयी गहिवरून बोलतील आणि मला उत्तर देता येणार नाही.

हा मजकूर मला कोणी वाचून दाखवलेला नाही. मी तो स्वतः लिहिला, वाचला आणि सही केली.

साक्षीदार:
१. शेजारचे औषधविक्रेते (सही)
२. निवृत्त मुख्याध्यापिका, वरचा मजला (सही)

स्थळ: माझे दुकान
दिनांक: नणंदेने अध्यक्षपदाचा अर्ज भरला तो दिवस