नाक्यावरचा बॅनर

थळ, ९ मार्च

ती. दादास,
जागृतीचा शि. सा. न. वि. वि.

सीमेवर जाताना फोन जमा केल्याचं तुझं पत्र पोचलं. शाळेत निबंध म्हटला की तुझ्या पोटात दुखायचं, आणि आता पानंच्या पानं लिहितोस! इकडे सगळं ठीक. पांढरा कांदा काढून झाला. आई त्याच्या माळा घेऊन रोज नाक्यावर विकायला बसते.

गावात मात्र लढाई आधीच सुरू झालीय. आपल्या पक्षाने सभेत सैन्याला सीमेपलीकडे एकदाचं घुसाच म्हणून सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी सदाकाकांच्या पक्षाने अजून का घुसला नाहीत म्हणून मोर्चा काढला. जो हळू बोलेल तो गद्दार. रखडलेल्या पाण्याच्या टाकीचं नाव कोणी काढत नाही. आपल्या पक्षाचा हरेश्वर तुझा वर्दीतला फोटो मागायला आला, मी दिला. पुढच्या रविवारी ते आईला स्टेजवर बसवणार आहेत. मुलगा देशाला वाहिला, एवढंच तिने म्हणायचं. ती हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही.

जिवाला जप. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
जागृती

थळ, २० मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र आईने समोर बसून लिहायला लावलंय. आधी पूर्ण वाच, मग हस.

शुक्रवारी सकाळी हरेश्वरने नाक्यावर तुझा बॅनर लावला. घाईत फ्लेक्सवाल्याने कुणाच्या तरी श्रद्धांजलीच्या जुन्या बॅनरमध्येच तुझा फोटो बसवून दिला. खाली समई, भोवती झेंडूची फुलं, आणि पुढारी हात जोडून उभे! वर आमच्या गावचा वाघ असं लिहिलेलं, पण आईला कुठे वाचता येतं? तिने पाहिलं आणि कांद्याच्या माळांवरच कोसळली. मेल्यांना एवढंही कळू नये?

पहिले धावले कोण, तर सदाकाका! ग्रामपंचायतीला आपण त्यांच्या विरोधात गेलो, तेव्हापासून त्यांनी आपल्या उंबऱ्याला पाय लावला नव्हता. त्यांनी खांबावर चढून बॅनर फाडला, आईला पाणी पाजलं, पोर सुखरूप आहे म्हणून सांगत राहिले. पण आई म्हणे, तुम्ही त्यांच्या पक्षाचे, तुमचं खरं कशावरून? हरेश्वर पळत आला, तर बॅनर लावणारा तोच, त्याचंही ती ऐकेना. शेवटी दोघांनी गावदेवीच्या पायरीवर एकत्र हात ठेवून शपथ घेतली, तेव्हा कुठे तिचं रडणं थांबलं.

आम्ही नको नको म्हणत असताना रविवारी ती स्टेजवर गेलीच. माईक धरून तिने एवढंच सांगितलं की माझं पोर मी जित्तेपणी मेलेलं बघितलंय, ज्याला लढाई पाहिजे त्याने आधी त्या रस्त्यावर माझ्या जागी बसून यावं. आणि खाली उतरली. एक घोषणा झाली नाही रे. तिच्या मागोमाग, तिच्या काळजीने तिथे आलेले सदाकाका उठले, मग हरेश्वर, मग अर्धा मांडव. सगळे तिला घरापर्यंत सोडायला आले.

संध्याकाळी गावकी बसली. सैनिकाचा फोटो कुठल्याच पक्षाने लावायचा नाही असं ठरलं. काही पोरं अजून मोबाइलवर आईला भित्री म्हणतात, म्हणू देत. सदाकाका रोज चहाला येतात. दादा, या माणसांचे उपकार कसे फेडायचे?

पण आईचं शपथेवर भागलेलं नाही. रोज पोस्टमनची वाट बघते. तुझ्या हातची एक ओळ तिला पाहिजे. वाचता येत नसलं तरी तुझं अक्षर ती ओळखते. लवकर लिही.
तुझी,
जागृती

मुक्काम सांगता येत नाही, २६ मार्च

चि. जागृतीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी इथे हिंदीत सांगत सगळ्यांना वाचून दाखवलं. समईपर्यंत सगळे हसले, नंतर कोणी हसलं नाही.  शेजारच्या खाटेवरचा बिहारचा सोबती म्हणाला की तुझ्या आईला एकदा माझ्या गावी पाठव, तिथेही असेच खांब आहेत.

हुकूम आला तर आम्ही जाऊच, ते आमचं काम आहे. पण आपल्या गावात आता माझ्या नावाने कोणी ओरडत नाही, हे वाचून फार बरं वाटलं. माझ्या वतीने सदाकाकांच्या पाया पड. खांबावर चढायचं त्यांचं वय आहे का? गुडघा कसा आहे विचार. हरेश्वरला कोणी टोचून बोलू नका. चुकला, पण पायरीवर हात ठेवायला आला. मी नसताना माझ्या आईला सावरणारी माणसं आहेत, याहून मला आणखी काय पाहिजे?

सोबतची चिठ्ठी वाचून दाखवू नकोस. आधी तिच्या हातात दे. आहे तशीच माया राहू दे.
तुझा,
सुजित

आये,
मी हाय.
सुजित