केण्यांच्या ताडीच्या दुकानाची भिंत

आंबिवलीच्या पलीकडे, काळू नदीच्या काठी, आमच्या बाकड्यांवर बसून ताडी प्यालेल्या आणि माझी भाषणे ऐकलेल्या मंडळींनो, तुमची आणि माझी तक्रार एकच आहे. आपण घडवलेल्या वस्तूला भाव आला की तिचा मालक दुसराच निघतो. पाड्यावरच्या वारली बायकांची चित्रे आज चादरींवर आणि चहाच्या कपांवर आहेत. त्या बायका मात्र वीटभट्टीवर आहेत. म्हणून हे मृत्युपत्र वकिलाच्या कपाटात न ठेवता दुकानात मोठ्याने वाचावे.

मी, तुळसा काळुराम केणे, वय शहात्तर, धंदा शेती व परवानाधारक ताडीविक्री, हा कागद स्वतःच्या अकलेने आणि खुशीने करीत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. तरीही ज्याला माझ्या बुद्धीबद्दल शंका असेल, त्याने मी हयात असेपर्यंत येऊन वाद घालावा. अंमलबजावणीसाठी अ‍ॅडव्होकेट योगिनी तरे यांना नेमते.

१. राहते घर व बँकेतील ठेव मुलगा नयन याला. माझ्या पाटल्या सून सोनल हिला. त्या मोडून गाडीचे हप्ते फेडू नयेत. हे वाचताना नयनला ठसका लागेल, पाणी जवळ ठेवावे.

२. पुस्तकांचे कपाट नात कृतिकाला. समासांत मी लेखकांशी भांडले आहे. ती भांडणे तिने पुढे चालवावीत. माझीच बाजू घ्यावी अशी अट नाही.

३. ज्या बाकड्यावर उभी राहून मी जमीन-संपादनाविरुद्ध बोलत असे, ते माझे दीर दौलतभावजी यांना द्यावे. ‘ताडीवालीने सभेत कशाला बोलायचं?’ असे त्यांनी भर गावात विचारले होते. त्यांनी त्यावर खुशाल बसावे. उभे राहायचे तर बोलण्यासारखे काही असावे लागते.

४. ताडाची झाडे दुकानाच्या जागेचाच भाग आहेत. आमचा ताडी काढणारा जगन त्यांवर चढतो आहे तोवर ताडी उतरवण्याचा हक्क त्याचा.

५. आता दुकान. माझ्या आजेसासऱ्यांनी ते बांधले तेव्हा आजूबाजूला भातखाचरांशिवाय काही नव्हते. भाताची झोडणी आटोपली की पाड्यावरची माणसे इथे येत. बायका आतली मोठी भिंत शेणाने सारवीत, वर गेरू देत आणि तांदळाच्या पिठाने चित्र काढीत. पुढच्या झोडणीला त्यावरच पुन्हा सारवण, पुन्हा नवे चित्र. तांदूळ आणि ताडी आमच्याकडून, चित्र त्यांच्या मर्जीचे. कधी आगगाडी आली, कधी कारखान्याचे धुराडे, कधी आमचा मोर्चा. सारवून सारवून भिंत जाड झाली आहे. जुने काही गेले नाही, ते आत आहे.

गेल्या झोडणीला पाड्यावरच्या लाडकी वरठाने मला काढले. बाकड्यावर उभी, एक हात वर. मी म्हटले, तोंड कुठे आहे? ती म्हणाली, “बाय, तुझं तोंड काढायला भिंत पुरायची नाय.” सगळे दुकान हसले, मीही हसले.

तेच चित्र घोडबंदर रोडवरच्या एका बिल्डरला हवे आहे. भिंत यंत्राने कापून टॉवरच्या प्रवेशदालनात काचेमागे लावायची, खाली ‘प्राचीन लोककला’ अशी पाटी. नयनने त्याला अजून होकार दिलेला नाही, नकारही दिलेला नाही. तो पैशासाठी अडलेला नाही, हे मी जाणते. तो मला म्हणाला, “आई, यंदा ते सारवलं की तू जाशील. काचेत तरी राहशील.” मी त्याच्याशी त्या दिवशी भांडले नाही. उत्तर इथे देते.

नयन, काचेतली बाई मी नव्हे. मी जन्मभर बोलले, ते लोकांनी ऐकावे आणि पुढचे स्वतः बोलावे म्हणून. भिंतीने माझ्यापाशी थांबावे, एवढी मी मोठी नाही आणि भिंत एवढी लहान नाही. मला आत जाऊ दे. तिथे आगगाडी आहे, धुराडे आहे, तुझ्या आजीच्या वेळचे दुकानही असेल.

म्हणून दुकान व जागा नयनला देते, पण भिंत कापणे, विकणे, काचेत घालणे यास मनाई आहे. दर झोडणीनंतर भिंत सारवण्याचा व रंगवण्याचा हक्क पाड्यावरच्या बायकांचा राहील आणि तांदूळ-ताडी मालकाने पुरवावी. अट मोडल्यास दुकान व जागा कृतिकाकडे जाईल. चित्र मी कोणालाही देत नाही, कारण ते माझे नव्हते.

६. लाडकी आणि पाड्यावरच्या सगळ्याजणींनो, बिल्डर झोडणीपर्यंत थांबणार नाही, तुम्हीही थांबू नका. माझे तेरावे झाले की दुसऱ्या दिवशी सकाळी शेण आणि गेरू घेऊन दुकानात या. सारवणाचा पहिला हात नयनला मारू द्या, वर केलेल्या माझ्या हातावरून. मग सगळ्या मिळून भिंत सारवा.

सही : तुळसा काळुराम केणे

आमच्यासमोर वाचून, हसून, मग सही केली. आम्हाला या मृत्युपत्रातून काही मिळत नाही.
साक्षीदार : १. दगडू पोशा मढवी २. रुचिता संदेश भंडारी

कल्याण, ७ ऑक्टोबर २०२५