शिंपीणबाईंची चादर

चि. छकुलीस,

लिहायला फार उशीर झाला, रागावू नकोस. दोनदा लिहिलं आणि दोन्ही वेळा फाडलं. गोदामामागे सापडलेल्या कुत्र्याच्या पाच पिल्लांपैकी चार चांगल्या घरी गेली. तू शिकवलंस तसंच करतो. नेणाऱ्यांच्या घरची जुनी चादर आधी मागवतो आणि पिल्लाला दोन दिवस तिच्यावर झोपवतो, म्हणजे नव्या घरचा वास ओळखीचा होतो.

पाचवं लंगडं आहे. त्याच्यासाठी शिंपीणबाईंनी चादर पाठवली. ती मी कपाटात ठेवली आणि पिल्लाखाली माझा स्वेटर अंथरला. काल बाई न्यायला आल्या, तर ते माझ्या पायांमागे लपलं.

बाई हसल्या. "आजोबा, चादरीची घडीसुद्धा मोडलेली नाही! द्यायचं नसेल तर सरळ सांगा की."

मी विचार करायला वेळ मागून घेतला. रविवारी त्या पुन्हा येणार आहेत. माणूस प्रेमळ आहे, खोट काढायला जागाच नाही. पण हे लंगडत माझ्यामागे स्वयंपाकघरापर्यंत येतं गं. ठेवून घेतलं असतं, पण माझं वय बघ. माझ्यानंतर तू नेशील का त्याला? तुला जमणार नसेल तर मन घट्ट करून देऊन टाकीन. रविवारच्या आत दोन ओळी तरी पाठव.

तुझा,
बाबा